विहारामागची सहा गुंठे जागा आणि आपली पोरं

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीट केले आहे. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून मी विषयाला सुरुवात करतो. मी काही वक्ता नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते सूतगिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत आणि एसटीच्या प्रवासात. त्यामुळे बोलण्यात कुठे चूक झाली तर सांभाळून घ्यावे. मुद्द्यात चूक वाटली तर मात्र सांभाळून घेऊ नये, इथेच उठून सांगावे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी हा विहार कसा उभा राहिला ते सांगितले. कोणी विटा दिल्या, कोणी सिमेंटची पोती दिली, बायाबापड्यांनी मोलमजुरीतून पैसे बाजूला काढले. ते सगळे खरे आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. मी पुढचे बोलणार आहे. समितीपुढे सध्या एक ठराव आहे. विहारावर पहिला मजला चढवायचा आणि रस्त्याच्या बाजूला कमान करायची. अंदाज चौदा लाखांचा निघालाय. मी त्या ठरावाच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याच्या आधी विहारामागच्या सहा गुंठे जागेत मुलामुलींसाठी मैदान करावे, आणि ती जागा पुढे कधीही बांधकामाला द्यायची नाही असे समितीने लेखी ठरवून टाकावे.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाने आयुष्यभर मोर्चे काढले, निवेदने दिली, आणि आता केस पिकल्यावर खो-खो-कबड्डीच्या मागे लागला. त्याला कारण आहे. ते कारण म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक आहे आणि आज इतक्या लोकांपुढे मी ती कबूल करणार आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या वस्तीच्या मधोमध एक मोकळे पटांगण होते. जुन्या लोकांना आठवत असेल. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, उन्हाळ्यात फुफाटा. पण संध्याकाळी पाच वाजले की तिथे पोरांचा नुसता कालवा असायचा. विटीदांडू, लगोरी, आबाधुबी, टायर पळवणे, काय वाट्टेल ते. आम्ही तरुण कार्यकर्ते त्या पटांगणाकडे बघायचो आणि म्हणायचो, बघा, आपल्या वस्तीत काहीच नाही, नुसती मोकळी जागा पडलीय. समाजमंदिर पाहिजे! मग निवेदने झाली, मोर्चा झाला, उपोषणाला बसायची भाषा झाली. मोर्चाच्या पुढे मी होतो. शासनाच्या वस्ती सुधार योजनेतून निधी आला, पटांगणावर समाजमंदिर उभे राहिले, आणि नारळ न फोडता फीत कापून आम्ही त्याचे उद्घाटन केले. माझा सत्कार झाला. ती शाल अजून घरात आहे.

त्या समाजमंदिराचे आज काय आहे ते मी सांगायची गरज नाही. वर्षातले दहा-बारा दिवस लग्न, साखरपुडा, जयंतीची बैठक. बाकीचे दिवस कुलूप. आत मंडपाचे बांबू, सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या. किल्ली कोणाकडे आहे यावरून दोनदा भांडण झाले. आणि पोरं? पोरं पहिले वर्षभर समाजमंदिराच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. आम्हीच त्यांना हाकलले. रंग खराब होतो म्हणून! आम्ही वस्तीला इमारत मिळवून दिली आणि त्याच दिवशी पोरांची जागा काढून घेतली, हे मला कळायला पंधरा वर्षे लागली.

कळले तेही माझ्या शहाणपणाने नाही. एकदा रात्रपाळी करून सकाळी घरी आलो आणि आडवा झालो. आपली घरे कशी आहेत तुम्हाला माहीत आहे, एक खोली आणि एक स्वयंपाकाची जागा. शाळेला सुट्टी होती. नातू घरात उड्या मारायला लागला तशी त्याची आजी म्हणाली, “आरं गप बस, आज्जा पाळी करून आलाय.” तो गप्प बसला. थोड्या वेळाने डोळा उघडून बघतो तर पोरगं कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेले. दुपारी उठलो तरी तिथेच, संध्याकाळी चहा घेतला तरी तिथेच. मी म्हणालो, “बाहेर जा की खेळायला.” त्याने मान वर न करता विचारले, “कुठं?”

मी उत्तर शोधत राहिलो. रस्त्यावर मोटारसायकली आहेत. शेजारच्या प्लॉटला तारेचे कुंपण पडलेय. आम्ही लहानपणी कृष्णेच्या घाटावरून पाण्यात उड्या मारायचो, पोहायला त्या नदीनेच शिकवले. आज पात्राची अवस्था बघून मी माझ्या नातवाला त्यात उतरू देणार नाही. घाटावर सिनेमाचे शूटिंग असले की मात्र सगळी वस्ती बघायला जाते, तेवढाच काय तो पोरांचा व्यायाम. त्या “कुठं?”चे उत्तर माझ्याकडे नव्हते, कारण त्या जागेवर मीच कुलूप लावून बसलो होतो.

आता थोडे आरोग्याविषयी. मी डॉक्टर नाही, पण दम लागणे म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. सूतगिरणीत कापसाचा बारीक तुस उडतो, तो छातीत जातो. सुट्टी संपवून कामगार परत खात्यात शिरला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. जगभरच्या गिरण्यांत डॉक्टरांनी ह्या आजाराला सोमवारचा ताप, सोमवारची छाती अशी नावे दिलेली आहेत. ती छाती माझी आहे. विहाराच्या पायऱ्या चढताना मी मध्येच थांबून कोणाशी तरी बोलायला लागतो, ते बोलायची हौस म्हणून नाही.

माझा दम गेला तो पन्नाशीत, कामाने. पण आपल्या वस्तीतल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना दम का लागतो? मागे एका रविवारी मी विहारामागच्या जागेत पंधरा-वीस मुलामुलींना गोळा केले आणि नुसते म्हणालो, त्या लिंबाला हात लावून परत या. दोन फेऱ्यांत निम्मी पोरं खाली बसली. एक मुलगी तर पांढरीफटक पडली. तिची आई मला म्हणाली, “ती आधीपासनंच आळशी हाय.” मी गप्प बसलो. पण पुढे ग्रामीण रुग्णालयात तिचे रक्त तपासले तेव्हा ते फार कमी निघाले. पोरगी आळशी नव्हती. तिच्या अंगात रक्तच नव्हते.

हे आपल्याच वस्तीत आहे असे समजू नका. 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची 68.9 टक्के बालके रक्तक्षयाची निघाली. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण 57.2 टक्के. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे पस्तीस मुले वयाच्या मानाने बुटकी. हा आकडा सगळ्या महाराष्ट्राचा आहे, त्यात बंगल्यातलेही आले आणि पालातलेही आले. ज्यांच्या घरात डाळ पातळ आहे त्यांच्या मुलांचे काय असेल ते तुम्हीच समजा.

म्हणून मी समितीला पहिल्याच बैठकीत सांगितले की नुसते मैदान करून भागणार नाही. उपाशी पोराला पळवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. खेळ संपला की प्रत्येकाच्या हातावर भिजवलेले हरभरे नाहीतर शेंगदाणे-गूळ पडला पाहिजे. हे महिला मंडळाने मान्य केले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, जंताची गोळी मिळते, तपासणीला पथक येते. ह्या गोष्टी फुकट आहेत. आपण त्या पोरांना घ्यायला लावत नाही. “गोळीनं मळमळतंय” म्हणून पोरगी ती गोळी खिडकीतून टाकते आणि आपण हसतो. जी मोठी माणसे मैदानावर उभी राहतील त्यांनी हेही विचारायचे, आज गोळी घेतली का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल असे खेळले-पळले पाहिजे, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडे व स्नायू बळकट होतील असे काहीतरी केले पाहिजे. साठ मिनिटे. त्याला जिम लागत नाही, मशीन लागत नाही. जागा लागते आणि वेळ लागतो. श्रीमंताच्या मुलाला तो तास विकत मिळतो. क्लब आहे, पोहण्याचा तलाव आहे, पाचगणीच्या शाळांतून घोड्यावर बसायलाही शिकवतात. आपली वाई ते पाचगणी घाट केवढासा, पण तेवढ्या अंतरात मुलांचे बालपण किती बदलते बघा.

बांधवांनो, पाण्याचा प्रश्न आपण ओळखतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मैदानही त्याच प्रकारची गोष्ट आहे हे मात्र आपण ध्यानात घेतले नाही. संविधानाचा अनुच्छेद 15 काढून बघा. दुसऱ्या खंडात विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट आहेत, रस्ते आहेत, आणि त्याच ओळीत लोकांच्या सार्वजनिक वापराच्या जागाही आहेत. जिथे चार माणसांनी एकत्र यायचे त्या जागेवरून कोणाला हाकलायचे नाही. हे कलम ज्यांनी घटनेत आणले त्यांचे बालपण ह्याच सातारा जिल्ह्यात गेले. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव घातले गेले, आणि त्यांना वर्गात बसायला घरून गोणपाट न्यावे लागत होते.

खेळाच्या मैदानावर आपल्या लोकांचे काय होत होते त्याचे एक उदाहरण देतो. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबच्या मैदानावर ते महिना चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबाला सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. फलंदाजी मात्र त्यांना कधी दिली नाही. पुढे ते देशातले पहिल्या प्रतीचे गोलंदाज झाले. हिंदू संघात घ्यायचे की नाही यावर वाद झाला. घेतले, कारण त्यांच्याशिवाय गोऱ्यांना हरवता येत नव्हते. आपल्या साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धही त्यांनी बळी घेऊन सामना जिंकून दिला आहे. पण मैदानात ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळायचे, तेच सहकारी चहाच्या वेळी आत बसायचे आणि बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते 1923 साली मिळाले. बाबासाहेबांना तरुणपणी ह्या माणसाचे मोठे कौतुक होते. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले, 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. ते राजकारण बाजूला ठेवू. मला त्यातले एवढेच घ्यायचे आहे की ज्याला मैदान साफ करायला आत घेतले होते त्याने चेंडू हातात आल्यावर काय करून दाखवले.

आता कोणी म्हणेल की हे काम सरकारचे आहे. आहेच. तालुक्या-तालुक्याला क्रीडा संकुलाची योजना आहे, व्यायामशाळेला आणि क्रीडांगणाला अनुदान आहे, शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यात शाळेला क्रीडांगण पाहिजे असे लिहिले आहे. अर्ज आपण करणारच आहोत, मसुदा मी केलाय. पण तोवर हात बांधून बसायचे का? आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. 1952 ला हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. गावोगाव लोकांनी वर्गणी दिली. अशा माणसाच्या गावात कुस्तीचे केंद्र करू अशी घोषणा 2009 साली झाली. 2017 साल उजाडले तरी ते उभे राहिले नाही, आणि शेवटी घरच्यांनी जाहीर केले की आता पदकाचा लिलाव करतो आणि त्या पैशातून केंद्र बांधतो. आता 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, ही चांगली गोष्ट आहे. पण खाशाबांच्या बाबतीत जर एवढी वाट बघावी लागली, तर आपल्या सहा गुंठ्यांची फाईल कोणत्या टेबलावर असेल याचा विचार करा.

उलट जिथे इमारत नव्हती पण माणूस उभा होता, तिथे काय झाले? फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव हा मजुराचा मुलगा. झोपडीत वाढलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत विकास भुजबळ नावाच्या गुरुजींनी त्याला पळायला लावले, तर पोरगं अशक्तपणाने टिकेना. गुरुजींनी आधी त्याच्या खाण्याकडे बघितले, मग खेळाकडे. तिथून तो क्रीडा प्रबोधिनीत गेला, धनुष्य हातात आले, सैन्यात भरती झाला. 2019 च्या जागतिक स्पर्धेत संघाबरोबर रौप्यपदक मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकला भारताकडून खेळला. साताऱ्याची अदिती स्वामी तर 2023 ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिचा सराव कुठे चालायचा? उसाच्या रानातल्या मैदानावर. प्रवीण सावंत नावाचे प्रशिक्षक तिथे उभे राहायचे.

आणि नागपूरचे उदाहरण तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सिनेमात बघितले आहे, “झुंड” मध्ये. खरी गोष्ट अशी की हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली पावसात झोपडपट्टीतली पोरं एक फुटकी बादली लाथाडत खेळताना बघितली. त्यांनी पोरांच्या हातात फुटबॉल दिला. पुढे ती झोपडपट्टी फुटबॉलची चळवळच झाली आणि तिथली पोरं बेघरांच्या विश्वचषकाला परदेशात खेळून आली. बारसे सरांनी आधी स्टेडियम बांधले नाही. रोज ठरल्या वेळेला ते तिथे गेले. मला ह्यातले सगळ्यात अवघड काम तेच वाटते, रोज जाणे. एक दिवस झेंडा लावून क्रीडा महोत्सव आपण कधीही करू शकतो, त्यात आपला हात धरणारा कोणी नाही.

समितीत एका ज्येष्ठ बांधवाने शंका काढली, आणि ती मी हलकी मानत नाही. ते म्हणाले, “विहाराच्या आवारात आरडाओरडा नको, इथं शांतता पाहिजे. आणि भगवंतानी तर खेळ वर्ज्य सांगितलेत.” ब्रह्मजाल सुत्तात खेळांची यादी आहे हे खरे आहे. पण ती भिक्खूंच्या शीलाची चर्चा आहे. दहा वर्षांच्या उपासकाच्या पोराला ती लावायची का, हे मी भन्तेजींनाच विचारले. ते हसले आणि त्यांनी मला दुसरे एक सुत्त काढून दाखवले. अंगुत्तर निकायात चंकम सुत्त म्हणून आहे. चंक्रमणाचे, म्हणजे येरझारा घालण्याचे, पाच फायदे भगवंतांनी त्यात सांगितले आहेत. माणूस लांबच्या प्रवासाला टिकतो, कष्टाला टिकतो, आजार कमी होतात, खाल्लेले पचते, आणि चालताना आलेली एकाग्रता पुष्कळ काळ राहते. पाचांतले चार फायदे सरळ शरीराचे आहेत! उपासमारीने शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावरच सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली. वाईच्या उत्तरेला लोहाऱ्याजवळ डोंगरात आपली प्राचीन लेणी आहेत. तिथले भिक्खू भिक्षेसाठी खाली उतरत असतील आणि परत चढत असतील, त्यांना दम किती असेल याचा मी तिथे गेलो की नेहमी विचार करतो. मी अर्ध्या वाटेत बसून असतो.

तरीही त्या बांधवांचे म्हणणे राखायचे ठरले आहे. वंदनेच्या वेळी मैदान बंद. शिवीगाळ केली तर त्या दिवशी खेळातून बाहेर.

आता हिशेब. जागा मी टेपने मोजली. लांबीला तीस मीटर आणि रुंदीला वीस. खो-खोचे मैदान सत्तावीस बाय सोळा लागते, भोवती दीड मीटर मोकळे सोडले तरी बसते. कबड्डीचे तेरा बाय दहा, ते त्याच्याच आत आखता येईल, एक दिवस हे, एक दिवस ते. क्रिकेट बसणार नाही. त्यावरून तरुण मंडळी माझ्यावर नाराज आहेत, पण क्रिकेटमध्ये अकरा जण खेळतात आणि बाकीचे बघतात. शिवाय काचा फुटतात. जागेत आधी घाणेरी आणि दगड काढावे लागतील. चार इंची मुरमाचा थर द्यायचा म्हटला तर एकवीस-बावीस ब्रास मुरूम लागेल. वर लाल माती, रूळ, फक्की, खो-खोचे दोन खांब. एक दिवा, एक पाण्याची टाकी. आणि एक संडास, मुलींसाठी, आतून कडी असलेला.

ह्या संडासावर बैठकीत हसू झाले. हसायचे कारण नाही. आपल्या मुली बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ का सोडतात? पाळी सुरू झाली की आई म्हणते, आता पुरे. कपडे बदलायला जागा नाही, जायला संडास नाही, आणि मैदानाच्या कडेला टवाळखोर उभे. मुलीने काय करायचे? ज्या वयात हाडे भरायची त्याच वयात ती घरात बसते. पुढे बाळंतपणात हेच रक्त कमी पडते, आणि मग आपण धावाधाव करतो. म्हणून माझी मागणी आहे की आठवड्यातले तीन दिवस मैदान फक्त मुलींचे असावे, आणि त्या दिवशी वस्तीतल्या दोन मावश्यांनी कडेला बसावे. भाजी निवडत बसल्या तरी चालेल. मावशी बसलेल्या असल्या की टवाळखोर आपोआप वाट बदलतात, हे मला माझ्या आईने शिकवले आहे.

पैशाचे म्हणाल तर मजल्याच्या अंदाजाच्या दहाव्या भागातही हे काम होईल, श्रमदान धरले तर त्याहून कमी. मुरमाची एक खेप द्यायला एक ट्रॅक्टरवाला तयार आहे. उरलेला प्रश्न रोज संध्याकाळी साडेपाच ते सात उभे कोण राहणार, हा आहे. समाजमंदिराच्या वेळी आम्ही हाच प्रश्न विचारला नव्हता. ह्या वेळी मैदानाला कुलूप नाही आणि किल्लीही नाही, पण वही असेल. त्यात वाराप्रमाणे नावे. सोमवार कोणाचा, मंगळवार कोणाचा. पोलीस भरतीची तयारी करणारी आपली चार-पाच पोरं आहेत, ती पहाटे रस्त्यावर पळतात. त्यांनी दोन-दोन दिवस घेतले तर लहानांना शिकवणारे घरातलेच मिळतील. आपल्या वस्तीतली एक मुलगी शाळेच्या खो-खो संघातून जिल्ह्यापर्यंत खेळून आली आणि लग्नानंतर घरी बसली. मी तिच्या सासूशी बोललोय. त्या म्हणाल्या, “दादा, संध्याकाळचा सैपाक मी बघते, तिला पाठवते.” मला वाटते आजच्या कार्यक्रमातली सगळ्यात मोठी देणगी ही आहे. ती पावतीपुस्तकात लिहिता येत नाही म्हणून इथे बोलून दाखवली.

आणखी एक. समाजमंदिराची किल्ली गेल्या महिन्यात मी मागून घेतली आहे. आतले बांबू मागच्या शेडमध्ये हलवले. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की पोरांनी तिथे दोरीच्या उड्या, कॅरम, बुद्धिबळ, व्यायाम करावा. भिंतीवर चेंडू मारला तरी मी काही बोलणार नाही. रंगाचा खर्च माझ्याकडून.

रविवारी सकाळी सात वाजता श्रमदान आहे. टिकाव, फावडे, घमेले ज्याच्याकडे आहे त्याने आणावे. मला पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, दुपारी तीनला खात्यात जावे लागते, म्हणून पहिल्या आठवड्याच्या संध्याकाळी मला उभे राहता येणार नाही. त्या सहा दिवसांसाठी सहा नावे पाहिजेत. वही दाराशी आक्कांजवळ ठेवलेली आहे, भोजनदानाला जाण्याआधी सही करून जावे. मी वेळेपेक्षा जास्त बोललो त्याबद्दल क्षमा असावी.

जय भीम. नमो बुद्धाय.